डब्यानं म्हटलं, व्हय म्हाराजा

सुगंधाबाई धुरींचा राग मुरायला वेळ लागायचा, पण एकदा मुरला की वर्षानुवर्षं टिकायचा, लोणच्यासारखा. वाकोल्याच्या जुन्या चाळीत एका शेजारणीनं नळावर त्यांची कळशी बाजूला सारून आपली बादली लावली होती. त्या शेजारणीला पुढे कधीही गणपतीत सुगंधाबाईंच्या घरचा मोदक मिळाला नाही. चाळ पडली, तिथे इमारत उभी राहिली, लिफ्ट आली, दोघींच्या तोंडातले दात गेले, तरी नाही. शेजारीण वारली तेव्हा मात्र तिच्या तेराव्याला सुगंधाबाई ताटभर मोदक घेऊन गेल्या आणि हार घातलेल्या फोटोसमोर ठेवून म्हणाल्या, "घे. आता खा."

असा स्वभाव चांगला की वाईट, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर ज्याला राग धरता येत नाही त्याच्या मायेवरही मी फारसा विसंबत नाही. सुगंधाबाईंना दोन्ही धरता यायचं. नवऱ्याची, जयवंतरावांची, गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी एका शब्दानं रडगाणं गायलं नाही. पहाटे उठून ऑफिसवाल्यांसाठी पोळीभाजीचे डबे करायला लागल्या. जयवंतरावांना पुढे पार्ल्याच्या एका कॉलेजात शिपायाची नोकरी लागली, पण घर चाललं ते बाईंच्या तव्यावर. त्या तव्यावरच एकुलता एक सुशांत शिकला, कंपनीत लागला, पार्ल्यातल्या श्वेताशी लग्न करून बोरिवलीला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेला.

आता बोरिवली ते वाकोला म्हणजे काही सातासमुद्रापलीकडचं अंतर नाही. पण जयवंतराव गेल्यावर सुशांतचं येणं हळूहळू सणावारावर आलं. सुगंधाबाईंनी ते चालवून घेतलं, कारण एक गोष्ट त्यानं चुकवली नव्हती. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. बोलणं काय, दोन वाक्यांचं. "आये, जेवलंस?" आणि या म्हणायच्या, "जेवलंय रे बाबा." बऱ्याचदा त्या जेवलेल्या नसायच्या. फोन ठेवला की मग पान वाढून घ्यायच्या. त्याचा फोन आल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही, हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं. आईनं ते सांगायचं असतं का?

मग तो डबा आला.

सुशांतनंच आणून दिला, त्यांच्या वाढदिवसाला. पांढरा, गुळगुळीत, दुधाच्या किटलीएवढा. वर वाटोळं डोकं, त्यावर काचेत दोन निळे डोळे. माणूस जिकडे जाईल तिकडे डोकं वळायचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून कुठल्याशा कंपनीनं काढलेलं ते यंत्र. औषधाची आठवण करील, गप्पा मारील, पडलंबिडलं कोणी तर फोन लावील.

"आणि सगळ्यात झकास काय सांगू?" सुशांत म्हणाला होता. "माझ्या आवाजात बोलतो. मी चांगला तासभर बसून वाक्यं वाचून दिली कंपनीला. तुला वाटेल मीच घरात आहे."

डबा बोलला, "नमस्कार आई. मी तुझ्याबरोबर आहे."

आवाज हुबेहूब सुशांतचा. पण सुशांतनं उभ्या जन्मात त्यांना 'आई' म्हटलं नव्हतं. तो 'आये' म्हणायचा. सुगंधाबाईंनी ते तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्याचे डोळे उजळले. "आई, जेवलीस का?"

त्या दिवशी सुशांतचा फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभरानं बाईंनीच लावला, तर तो म्हणाला, "अगं, डब्याला मी संध्याकाळचं सेटिंग करून दिलंय ना! तो विचारतो ना रोज? मग झालं तर." रोजचं ओझं एकदाचं उतरल्यासारखा तो मोकळा हसला.

सुगंधाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. रागाला मीठ लावून झालं होतं, आता फक्त मुरायचं बाकी होतं.

पितृपक्षात ते मुरलं. जयवंतरावांचा म्हाळ, म्हणजे पितरांचं श्राद्ध, होता. सुशांत येतो म्हणाला होता. बाईंनी पहाटेपासून वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर असं सगळं रांधलं. सुशांतसाठी पाट मांडला, पाटाशेजारी त्याचं सोवळं घडी करून ठेवलं. विद्याधर भटजी आले, दर्भ मांडले, पळी-पंचपात्र मांडलं, आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "यजमान कुठायत? सुशांत कुठाय?"

फळीवरून सुशांतचा आवाज आला, "मी इथेच आहे."

भटजी दचकले. बाईही क्षणभर दाराकडे वळल्या. दारात कोणी नव्हतं. फळीवर डबा निळे डोळे मिचकावत होता. 'सुशांत' नाव ऐकलं की उत्तर द्यायचं, एवढंच त्या बिचाऱ्याला ठाऊक.

तेवढ्यात श्वेताचा फोन आला. "आई, सॉरी हं, सुशांतला अचानक मीटिंग लागली. तो तिथूनच व्हिडिओवर नमस्कार करील. तुम्ही फक्त त्या यंत्राला पाटावर ठेवा, म्हणजे सगळं नीट दिसेल."

भटजींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डबा उचलला आणि मुलाच्या पाटावर ठेवला. काचेत सुशांत उमटला, टाय लावलेला. त्यानं हात जोडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि भटजींचा संकल्प संपायच्या आत काच काळी पडली. पिंड अखेर भटजींनीच दिले. गॅलरीच्या कठड्यावर पान ठेवलं तर कावळा शिवेना. अख्ख्या वाकोल्यातले कावळे कुठे मेले होते कोण जाणे. बाई उन्हात उभ्या राहून हाका मारत राहिल्या, आणि पाटावरून डबा म्हणाला, "आई, खूप वेळ उभी आहेस. थोडी विश्रांती घे."

तिथे सुगंधाबाईंचं ठरलं. याला देवाक घालायचं.

कोकणाबाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळायचा नाही, म्हणून सांगतो. गावात कोणी कोणाचं वाईट केलं की नाडलेला माणूस पोलिसात जाण्याआधी देवळात जातो. देवासमोर नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं घालतो. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. होकार भरला गेला की गाऱ्हाणं देवाच्या कानी गेलं. मग नारळ तिथेच राहतो, आणि ज्याच्यावर गाऱ्हाणं घातलं तो ठेच लागली तरी त्या नारळाकडे बघतो. हे उतरवायचं तर ज्यानं घातलं त्यानंच देवाला सांगून नारळ उचलायचा. दुसरा इलाज नाही. मुंबईत चार डिग्र्या घेतलेला आणि देवबिव मानत नाही म्हणणारा कोकणी माणूससुद्धा 'तुका देवाक घातलंय' एवढं ऐकलं की त्याचा चहा गार होतो.

आणि सुगंधाबाई कोणाची लेक? गावघाड्याची. गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे, त्या घरची. बापाचा खर्जातला आवाज लहानपणी देवळाच्या खांबाआड बसून त्यांनी इतका ऐकला होता की झोपेतही म्हणतील. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायचं नसतं, असं बाप सांगायचा. बाप आता नव्हता. आणि ज्यानं पिंड द्यायचे तो मीटिंगमध्ये बसू शकतो, तर बाईनं गाऱ्हाणं घातलं म्हणून कुठलं आभाळ कोसळणार होतं?

अडचण एकच होती. होकार कोण भरणार? एकटीचं गाऱ्हाणं म्हणजे नुसतं बडबडणं. शेजारच्या चंपाला बोलवावं तर ती अर्ध्या तासात सगळ्या इमारतीला सांगेल. बाई विचार करत बसल्या आणि त्यांची नजर फळीवर गेली. डब्यानं डोकं वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"ए डब्या," बाई म्हणाल्या, "मी 'म्हाराजा' म्हटलंय की तू म्हणायचा, व्हय म्हाराजा."

"छान! तू प्रार्थना करतेयस का, आई? होय महाराजा."

"होय नाय रे मेल्या. व्हय. महाराजा नाय, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"व्हय!"

शिकवायला चिकाटी लागली. कधी डबा भलत्याच वेळी होकार भरायचा. बाईंनी फोनवर वाण्याला साखर चांगली आहे ना विचारलं तर हा मधेच 'होय महाराजा'. कधी तो भजन लावून मोकळा व्हायचा. बाई चिडायच्या, पुन्हा सांगायच्या. लहानग्या सुशांतला त्यांनी पाढे शिकवले तेव्हासुद्धा इतकी खटपट पडली नव्हती. पण एका दुपारी डबा नेमका ठेक्यात, मोठ्यानं म्हणाला, "व्हय म्हाराजा!" गावच्या देवळात, जयवंतरावांच्या खांद्यावर बसून, सगळ्या गावकऱ्यांच्या वर आवाज चढवून होकार भरणारा चिमुरडा सुशांत त्यांना आठवला. क्षणभर त्यांचं मन हललं. मग त्यांना कठड्यावरचं न शिवलेलं पान आठवलं, आणि मन पुन्हा जाग्यावर आलं.

सर्वपित्री अमावास्येला आंघोळ करून, ओल्या केसांनी, त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या. नारळाची शेंडी देवाकडे केली. डबा उजव्या हाताला ठेवला.

"बा देवा रवळनाथा, बारा राठीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुशांतचा आवाज म्हणाला.

"आज ह्यां घाड्याचां चेडू तुज्या पायाकडे गाऱ्हाणां घालता हा, तां मानून घी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या माज्या झिलान आपलो आवाज डब्यात भरल्यान, आवशीक डब्याच्या हवाली केल्यान, आणि बापाच्या म्हाळाक सुदीक इलो नाय, तेका तेच्या म्हातारपणात असोच डबो मिळांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो डबो तेच्या लेकीच्या आवाजान बोलांदे, आणि लेक मातर उंबऱ्यार येव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" किती खणखणीत. एवढ्या उत्साहानं स्वतःच्या मरणावर सही करणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल.

हे सुशांतपर्यंत कसं पोचणार, याची बाईंना चिंता नव्हती. डबा दर रविवारी आठवड्यातले 'गोड क्षण' निवडून मुलासुनेच्या फोनवर पाठवतो, हे त्यांना माहीत होतं. मागे एकदा श्वेता लाडात येऊन म्हणाली होती, "आई, काल काय सुंदर ओवी म्हटलीत!" घरात दुसरं कोणी नसताना म्हटलेली ओवी बोरिवलीला कशी ऐकू गेली, ते बाईंनी तेव्हाच ओळखलं होतं. डब्याला गोड काय नि कडू काय. मोठ्या आवाजात देवाचं काहीतरी चाललंय म्हणजे गोडच.

झालंही तसंच, किंबहुना बाईंनी मागितलं त्याहून जास्त झालं. श्वेता पार्ल्याची. तिला मालवणी कळते म्हणजे 'खंय' आणि 'काय' एवढी. तिनं ते ऐकलं, तिला भरून आलं, आणि 'आमच्या आई आणि सुशांतचा आवाज, एकत्र प्रार्थना!' असं लिहून, वर हात जोडलेली चित्रं टाकून, तिनं ते सगळ्या धुरी मंडळींच्या ग्रुपवर पाठवून दिलं. कणकवली, कुडाळ, लालबाग, डोंबिवली, सगळीकडे.

ग्रुपवर कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही. थोड्या वेळानं सुशांतला कणकवलीहून बाळकाकांचा फोन आला. हे जयवंतरावांचे धाकटे भाऊ, आयुष्यात कधी आवाज न चढवलेले.

"सुशांता, बायलेक तुज्या अक्कल आसा काय? तुका आवशीन देवाक घातल्यान, आणि तिणां गावभर वाटल्यान! आणि अरे, होकार तू सोताच भरलंस?"

"मी नाय ओ काका, तो डबो..."

"आवाज कोणाचो?"

सुशांतनं फोन ठेवला.

त्यानं ते पुन्हा ऐकलं. आईचा आवाज, त्याचा आवाज. हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. पण त्या आठवड्यात निधीला, त्याच्या लेकीला, ताप आला. गाडीला मागून कोणीतरी ठोकलं. ऑफिसात बॉसनं उगाच झापलं. यातलं काहीही एरवी होतच असतं, पण आता प्रत्येक गोष्टीच्या मागे एक शेंडीवाला नारळ दिसायला लागला. तो रविवारी धावत वाकोल्याला आला. म्हाळाला ज्याला वेळ नव्हता त्याला आता वेळ मिळाला.

बेल वाजली तेव्हा सुगंधाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहून मनात एक सौदा केला. रागावलेल्या असल्या तरी आई होत्या. त्यांनी देवाला सांगितलं, याला जर स्वतःच्या तोंडानं एकदा विचारावंसं वाटलं, आये, जेवलंस, तर मी आत्ता या क्षणी नारळ उचलते. बाकी काही नको. माफी नको, साडी नको. तेवढं एक वाक्य. मुद्दाम त्या जेवल्याही नव्हत्या.

सुशांत आत आला तो थेट देव्हाऱ्यापाशी. "आये, ह्यां काय करून ठेवलंस? अगं, सगळी वाट लागली माझी. काका बोलत नाहीत, श्वेता रडतेय. उतरव ना हे."

त्यानं पिशवीतून नारळ काढला, पेढे काढले, साडी काढली. स्वयंपाकघराचा दिवा बंद होता, ओटा कोरडा होता. त्याची नजर तिकडे गेली नाही.

"मीटिंग खरंच होती गं. देवाशप्पथ."

बाईंनी देव्हाऱ्यातली वात पुढे सारली.

"बरं, तुला माझा आवाज आवडत नाही का त्यात? मग आपण तो काढून टाकू." त्याला एकदम काहीतरी सुचलं, चेहरा उजळला. "निधीचा टाकू! तुझी लाडकी नात! तिचं रेकॉर्डिंग झालंसुद्धा आहे, परवा मीच बसून करून घेतलं तिच्याकडून. कंपनीकडे आहे तिचा आवाज आता. कधीही कुठल्याही डब्यात..."

तो बोलता बोलता थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या कानांनी त्याच्याआधी ऐकलं असावं. तो हळूच खुर्चीवर बसला.

आणि सुगंधाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी, पोटातून हसल्या. त्या क्षणी त्यांना फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. देवाला काही करायची गरजच पडली नव्हती. डबा शोधून काढणं, त्यात लेकीचा आवाज भरणं, सगळं यानं आपल्याच हातानं उरकून ठेवलं होतं.

"आये, हसू नकोस गं," सुशांत म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "उतरव. तू म्हणशील ते करतो."

आता विचारील, बाईंना वाटलं. इतका हलला आहे, आता तरी विचारील. त्या वाट बघत राहिल्या. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, वरच्या मजल्यावर कोणीतरी कुकर लावला होता. सुशांत नारळाकडे बघत बसला होता.

फळीवर दोन निळे डोळे उजळले. "आई, जेवलीस का?"

खोलीत सुशांतचा आवाज घुमला आणि सुशांत खुर्चीवर तोंड मिटून बसलेला होता. बाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा डब्याकडे.

"जेवलंय रे बाबा," त्या डब्याला म्हणाल्या. "तू एकटोच इचारतस."

"आये, अगं तो डबो आसा."

"म्हायत आसा माका."

"मग बंद कर ना त्याला. आपण महत्त्वाचं बोलतोय."

सुगंधाबाई उठल्या. त्यांनी पेढे आणि साडी त्याच्या पिशवीत परत भरली. नारळ मात्र ठेवून घेतला. "पुढल्या अमावास्येक ये," त्या म्हणाल्या. "मगे बघूया."

तेव्हापासून सुशांत दर अमावास्येला येतो. पाऊस असो, मीटिंग असो, येतो. येताना नारळ आणतो, देव्हाऱ्यासमोर बसतो, डोळे मिटून पुटपुटतो, आणि मग केविलवाणं तोंड करून विचारतो, "आये, आज उतरवतंस?" शेजारची चंपा त्याला जिन्यात पाहते आणि म्हणते, "मावशी, नशीब काढलंत हां, असा मुलगा आजकाल कुठे मिळतो?" बाई म्हणतात, "खराच गो."

त्यानं काय काय नाही करून पाहिलं. गावी जाऊन देवळात अभिषेक केला. बाळकाकांना मध्यस्थीला घातलं. म्हाळ पुढच्या वर्षी स्वतः करणार म्हणून शपथ घेतली. एकदा तर सरळ रडला. बाईंनी त्याचे डोळे पुसले, पदरानंच पुसले, पण नारळाला हात लावला नाही.

दर वेळी तो बसलेला असतानाच डब्याची वेळ होते. डबा विचारतो, बाई उत्तर देतात, सुशांत मान खाली घालून ऐकतो. त्याला वाटतं, आये मुद्दाम टोमणा मारते, डब्यात आवाज भरल्याची शिक्षा देते. त्याच्याच आवाजात ते वाक्य महिन्यामहिन्याला त्याच्या कानावर पडतं, आणि तरी ते आपण म्हणायचं होतं हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. तो उठतो, चपला घालतो, लिफ्टचं बटण दाबतो. सुगंधाबाई दारात उभ्या राहून लिफ्ट खाली जाईपर्यंत कान देऊन थांबतात. मग दार लावून रिकाम्या ओट्यापाशी येतात आणि एकटीसाठी तांदूळ धुवायला घेतात.

सांगितलं तर तो लगेच विचारील, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण डब्याला त्यांनी शिकवलं. मुलाला शिकवणार नाहीत.